परदेशात पहिल्यांदाच मिशनसेवेला जाताना सुरुवातीचे दिवस कसे असतात?

तुम्ही शहाद्याच्या आहात, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाबरोबर नेपाळला जाणार आहात, गाणी आणि नाटिका बसवून झाल्यात आणि तिथे वाटायला नेपाळी पुस्तिका घ्यायच्या आहेत. आपला तिथे खरंच काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो, ताई. फक्त तो कशासाठी करून घ्यायचा, हे तिथल्या मंडळीला ठरवू द्या.

मी नवापूर तालुक्यातली, व्यवसायाने नर्स. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्या मंडळीतले काहीजण नेपाळमधल्या धादिङ जिल्ह्याच्या उत्तरेकडे, तामाङ या डोंगरी समाजाच्या गावांत सेवेला गेलो होतो. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. पुढे मुगलिङवरून मलेखु आणि तिथून आत धादिङबेसी. डोंगरातला रस्ता जिथे संपला, तिथून पायी.

पहिल्याच मुक्कामाला खाणावळीच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही आमचा गॅस का बंद केला?" त्याच्या आदल्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून मालाच्या गाड्या जवळजवळ बंद होत्या. २०१५ च्या भूकंपाने आधीच घरं पाडलेली आणि त्यावर गॅस, पेट्रोल, औषधं मिळेनाशी झालेली. नाकेबंदी भारताने केली, असं तिथे बहुतेकांचं म्हणणं होतं. दिल्ली ते नाकारत होती आणि मधेशी, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या, आंदोलकांकडे बोट दाखवत होती. आमच्या पाळकांनी निघतानाच बजावलं होतं की देशाची बाजू मांडत बसायचं नाही. मी त्या बाईंचं सगळं ऐकून घेतलं. कडाक्याच्या थंडीत ओली लाकडं पेटवून त्यांनी गिऱ्हाइकांना जेवू घातलं होतं. बोलून झाल्यावर त्यांनीच मला आग्रहाने आणखी भात वाढला. सुरुवातीच्या दिवसांत हे तुमच्याही वाट्याला येईल. आपण ख्रिस्ताचं नाव घेऊन जातो, पण दारात उभे राहतो ते भारतीय म्हणून, आणि लोकांच्या मनात साचलेलं आधी बाहेर पडतं. ते ऐकून घेणं ही सेवाच आहे, असं मी अगदी मनापासून मानते.

नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, खाली चटया, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि भेटेल त्याला "जयमसीह". पण या शनिवाराची दुसरी बाजू मला तिथे गेल्यावर उमगली. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप शनिवारीच झाला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना. शाळा बंद होत्या म्हणून कितीतरी मुलं वाचली. उपासना मात्र चालू होत्या, आणि दगडमातीच्या भिंती प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर पडल्या. देशभरात जवळपास नऊ हजार माणसं गेली. आम्ही ज्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासनेला बसलो, तिथे घरातलं माणूस गमावलेले लोक आजूबाजूलाच होते. तिथल्या पाळकांनी आम्हाला आधीच हात जोडून विनंती केली, "देवाने असं का केलं, यावर कृपा करून बोलू नका. गाणं म्हणा, साक्ष द्या, आमच्याबरोबर बसा." तुमच्या संघातल्या प्रत्येकाने हे ऐकावं असं मला फार वाटतं. उपासनेत संदेश तिथले पाळकच देत होते, आणि ज्यांनी स्वतःच्या हातांनी आपली माणसं पुरली, त्यांच्या तोंडून स्तोत्रं ऐकताना माझ्या विश्वासालाच आधार मिळाला.

आमच्याकडून त्यांना हवं होतं ते दगड वेगळे करण्याचं काम. पडलेल्या घराच्या ढिगातून भिंतीला लागणारे चपटे दगड एकीकडे, भरावाचे दुसरीकडे, लाकूड तिसरीकडे. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने येणार होतं, लोक अजून पत्र्याखाली झोपत होते. ढिगारा उपसल्याशिवाय पाया घेता येत नव्हता, आणि गावातले बरेच तरुण आखातात आणि मलेशियात कामाला. तेव्हा हातांचीच गरज होती. डोको म्हणजे पाठीवरची टोपली. तिचा पट्टा कपाळावर घेऊन तिथल्या आजी चढ चढतात. आम्ही शेतात राबणारी माणसं, तरी पहिले काही दिवस संध्याकाळी मान हलत नसे. नाटिका एकदाच झाली, मुलांसाठी, आणि मुलांना ती आवडलीही.

माझ्या कामाचं थोडं सांगते. त्या देशाची नोंदणी नसताना नर्स म्हणून काम करता येत नाही, त्यामुळे मी औषधं दिली नाहीत. पण मी नर्स आहे हे कळल्यावर बाया संध्याकाळी चुलीजवळ येऊन बसू लागल्या. म्हाताऱ्यांना तामाङ भाषाच येई. एक शाळकरी मुलगी नेपाळीत सांगे, ते मी हिंदीच्या आधाराने समजून घेई. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास कितीतरी जणींना होता. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलावी लागतात, त्याचं हे दुखणं, आणि नेपाळच्या डोंगरी भागात ते फार आहे. त्या प्रार्थना मागत होत्या, आणि मी प्रत्येकीसाठी केली. त्याचबरोबर गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला बोलावून कोणाला दवाखान्यात न्यायचं ते ठरवलं. नेपाळमध्ये अनेकजण आजारातून बरे झाल्यावर विश्वासात आले आहेत, त्यामुळे प्रार्थनेवर त्यांचा मोठा भरवसा असतो. म्हणूनच आपल्यापैकी कोणीही चुकूनसुद्धा "आता गोळी नको" असं म्हणू नये. माणूस जिवाला मुकेल.

आता पुस्तिका. त्या नेऊ नका, ही कळकळीची विनंती. २०१५ च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आम्ही परतल्यावर, जून २०१६ मध्ये, दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोटला भूकंपग्रस्त मुलांच्या समुपदेशनावेळी येशूविषयीची चित्रपुस्तिका वाटल्याबद्दल आठ ख्रिस्ती लोकांना पकडलं. डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले, पण ते महिने त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील! तुम्ही वाटाल आणि गाडीत बसाल. पोलीस येतील ते तिथल्या पाळकांच्या दारात.

आणि त्या मंडळीला आपण शुभवर्तमान नेऊन देतोय, असंही नाही. नेपाळी बायबल १९१४ मध्ये दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांनी पूर्ण केलं. ते आपल्या माणसांना घेऊन काठमांडूला गेले, तर त्यांना हाकलून दिलं गेलं. १९५० नंतर देश उघडला, तेव्हा बाहेर राहून विश्वासात आलेली नेपाळी माणसंच मायदेशी परतली आणि मंडळी उभी राहिली. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती पाच लाखांवर आहेत. आपल्या पश्चिम खानदेशातही स्वीडिश आणि अमेरिकन मिशनरी आले होते, आणि आमचे म्हातारे आजही आठवण काढतात ती गावात राहून आपली बोली शिकलेल्यांची. थोड्या दिवसांच्या सेवेत ते शक्य नाही. म्हणून निघण्याआधी तुमच्या पाळकांना तिथल्या पाळकांशी फोनवर बोलायला लावा आणि एवढंच विचारा: कोणत्या महिन्यात यायचं, किती माणसं झेपतील, आणि काम कोणतं. पेरणीत गेलात तर तुमचा स्वयंपाक करायलाही घरात कोणी नसेल. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, तेव्हा जेवणाखर्चाचे पैसे तिथल्या मंडळीच्या हाती आधीच द्या. ते मागणार नाहीत. जाड स्वेटर आणि चांगले बूट घ्या. गिटार न्यायला हरकत नाही, तिथल्या पोरांना ती फार आवडते.