बॅकअप आहे, पण तो परत चढतो का?

वाचकांचे प्रश्न : डेटाबेसची देखभाल

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा कारभार एस.क्यू.एल. सर्व्हरवर चालतो. मध्यंतरी ‘ट्रान्झॅक्शन लॉग फुल’ असा संदेश आला आणि भरणा, पिग्मी सगळं थांबलं. बॅकअप तर रोज रात्री होतो, मग असं का झालं? वेगळा डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमावा का?
– व्यवस्थापक, पतसंस्था, सांगली

उत्तर : ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. रोजच्या फुल बॅकअपने हा लॉग रिकामा होत नाही. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीवर (यात बॅकअप होईपर्यंत लॉग जपला जातो) असेल तर लॉगचा वेगळा बॅकअप घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर जुनी जागा मोकळी होत नाही आणि लॉगची फाइल डिस्क भरेपर्यंत फुगत जाते. सिस डॉट डेटाबेसेस या सर्व्हरच्या स्वतःच्या यादीतला ‘लॉग रीयूज वेट डेस्क’ हा रकाना पाहा. तिथे ‘लॉग बॅकअप’ असं दिसलं तर कारण हेच. आधी दुसऱ्या डिस्कवर लॉग बॅकअप घ्या, मग फाइल एकदाच बेताच्या आकाराला आणा आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप चालू करा. जागा करायला म्हणून लॉगची एल.डी.एफ. फाइल कुणी उडवली, तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही.

‘सिंपल’ रिकव्हरी पद्धतीवर (यात लॉग जपून ठेवला जात नाही) गेलात तर लॉगची कटकट संपते, पण दुपारी चारला सर्व्हर गेला तर दिवसभराचा भरणाही गेला. ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेने हा सौदा करू नये.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी खरी गोम बॅकअप परत चढवण्यात आहे. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर चढवा, डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी डी.बी.सी.सी. चेकडीबी ही आज्ञा चालवा आणि त्या तारखेची रोजकीर्द व तेरीज छापील प्रतीशी ताडून पाहा. हातातली शिल्लक जुळली तरच बॅकअप खरा. सगळ्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, कारण सर्व्हर बंद पडल्यावर संचालक पहिल्यांदा तेच विचारतात. एस.क्यू.एल. सर्व्हरची मोफतची एक्सप्रेस आवृत्ती असेल तर तिच्यात वेळापत्रक लावणारा एजंट नसतो. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरला द्यावं लागतं. शिवाय ‘२०२२’ या आवृत्तीपर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जी.बी.ची मर्यादा आहे. ती गाठली की नव्या नोंदी थांबतात.

एक प्रत इमारतीबाहेर हवीच. कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी प्रत नदीकाठच्याच शाखेत ठेवण्यापेक्षा विटा किंवा जतकडे ठेवा. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तडाख्यातून वाचत नाही. काम झालं की काढून ठेवा.

पूर्णवेळ माणूस चार शाखांच्या संस्थेला परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. पण जबाबदारी एका नावावर हवी : बॅकअपची रोजची तपासणी, डिस्कमधली जागा, सुरक्षा अपडेट आणि कुणाला कशाचा अधिकार याची यादी. ‘एस.ए.’ या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड सगळ्या शाखांना ठाऊक असेल तर तो आजच बदला. सॉफ्टवेअर त्याच लॉगिनवर चालत असेल तर आधी कंपनीकडून त्यासाठी वेगळं लॉगिन करून घ्या. चुकलेली रक्कम कंपनीचा माणूस थेट टेबलमध्ये दुरुस्त करत असेल तर तेही बंद करा. दुरुस्ती उलट नोंदीनेच व्हावी, नाहीतर लेखापरीक्षणात तिचा माग लागत नाही.

प्रश्न : गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावरची नोंद अडकते, ऊसबिलाचे रिपोर्टही रखडतात. सर्व्हर बदलावा का?
– संगणक विभाग, साखर कारखाना, कराड

उत्तर : आधी ब्लॉकिंग, म्हणजे एका कामाच्या कुलुपामुळे (लॉक) दुसरं काम अडतं का, ते तपासा. पंधरवड्याचं बिल चालू असताना ती क्वेरी वजनाच्या टेबलवर लॉक धरून बसते आणि काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. एस.क्यू.एल. सर्व्हरमधली ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ ही सोय चालू केल्यास वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. मात्र टेम्पडीबी या सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर भार वाढतो, म्हणून चाचणी सर्व्हरवर आधी पाहा. दुसरं, तारखेच्या रकान्यावर ‘इयर’ किंवा ‘मंथ’ फंक्शन लावलं की त्या रकान्यावरच्या इंडेक्सचा (नोंद पटकन शोधून देणाऱ्या सूचीचा) फायदा मिळत नाही. ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहा. हंगामात रोज नव्या तारखा येतात, त्यामुळे स्टॅटिस्टिक्स (टेबलात काय, किती आहे याचा सर्व्हरने ठेवलेला गोषवारा) जुनी पडून सर्व्हरचा अंदाज चुकतो. मोठ्या टेबलांची रोज रात्री ताजी करा. आणि दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावत सुटू नका, प्रत्येक इंडेक्समुळे काट्यावरची नोंद थोडी आणखी जड होते.

प्रश्न : सभासदांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली आहेत. परत मिळतील?
– वाचक, तासगाव

उत्तर : साठवतानाच प्रश्नचिन्हं झाली असतील तर नाही, मूळ अर्ज काढून पुन्हा भरावी लागतील. एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारकार (युनिकोड मजकुराचा प्रकार) करा आणि क्वेरीत मजकुराच्या अवतरणाआधी ‘एन’ अक्षर लावा. लांबीही सढळ ठेवा : ‘ज्ञानेश्वर’ एवढंच नाव १० जागा घेतं, कारण काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात.

प्रश्न : बी.सी.एस. झालं आहे. डी.बी.ए. (डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) व्हायला काय शिकू?
– विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : एस.क्यू.एल. पक्कं, लिनक्स कामापुरतं आणि एकच डेटाबेस खोलात. पोस्टग्रेस फुकट आहे, त्यावर सुरू करा. १० लाख ओळींचं टेबल बनवा. आर्काइव्ह मोड चालू करून वॉल फाइली (पोस्टग्रेसचा ट्रान्झॅक्शन लॉग) वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं पाहा आणि पी.जी. बेसबॅकअप या साधनाने पूर्ण बॅकअप घ्या. मग टेबल मुद्दाम उडवा आणि उडवण्याच्या एक मिनिट आधीपर्यंतचा डेटा परत आणा. त्यासाठी ‘रिकव्हरी टार्गेट टाइम’ द्यायचा आणि आवृत्ती १२ पासून ‘रिकव्हरी डॉट सिग्नल’ नावाची रिकामी फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. ती विसरलात तर सर्व्हर निमूट सुरू होतो, पण दिलेल्या वेळेवर थांबत नाही. हे न पाहता जमेपर्यंत करा. प्रमाणपत्रं नंतर.

क्लाउडमुळे डी.बी.ए. संपला असं कुणी म्हणेल. तिथे बॅकअप आपोआप होतो हे खरं. वाईट क्वेरी, चुकीचे अधिकार आणि फुगलेलं बिल मात्र माणसालाच आवरावं लागतं. नोकऱ्या बहुतेक पुण्याकडे, आणि रात्री-अपरात्री फोन येणार हे धरूनच चला.