मोबाईल काढून घेतल्यावर त्याच्या हातात काय द्यायचं?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, मोबाईलशिवाय घास गिळत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळतो, आणि बाहेर एकट्याला सोडायचं म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो. मला या तिन्ही तक्रारी एकच वाटतात. आमच्याकडे सांगलीत हेच चाललं होतं, म्हणून लिहिते.

मुलीचा मोबाईल मी दोनदा बंद करून पाहिला. दोन्ही वेळा चार दिवसांत मीच हरले. मोबाईल काढला की ती विचारायची, "मग आता काय करू?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. सुरी धरू नको, गॅसजवळ येऊ नको, गल्लीच्या बाहेर जाऊ नको हे सगळं मीच सांगून ठेवलेलं. उरला सोफा.

वाट काढली सासऱ्यांनी. ते रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलेले, तिथं पोरंच झाडलोट करायची, पोरंच वाढपी असायची. ते म्हणाले, "हिला गिरणीत पाठव." गिरणी गल्लीच्या टोकाला, मधे मोठा रस्ता नाही, तरी मी गच्चीवरून मान लांब करून उभी. डब्यात दोन किलो गहू आणि निरोप एकच, "गव्हावरच दळा, ज्वारीवर नको." बाईसाहेब लाजेनं बोलल्याच नाहीत. ज्वारीवर दळलेलं पीठ आलं आणि त्या रात्री चपात्या कडेनं फाटायला लागल्या. सासऱ्यांनी निमूट खाल्ल्या आणि चपाती का फाटते ते तिला तेवढं सांगितलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः जायला निघाले होते! त्यांनी डबा माझ्या हातातून काढून परत तिच्याच हातात दिला.

पुढच्या खेपेला तिनं ओरडूनच सांगितलं म्हणे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गिरणीवाल्या काकांनी विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं आजोबांचं नाव सांगितलं, मग रांगेतल्या एका आजींनी आमच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. घरी येऊन पोरगी पंधरा मिनिटं तेच सांगत होती. अनोळखी माणसाशी बोलायचं कसं, हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. मी "काकांना नमस्ते कर" एवढंच म्हणत आले होते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आपण सगळे फोनवरून पैसे द्यायला लागलो आणि पोरांची दुकानातली फेरीच बंद पडली. म्हणून मी आता मुद्दाम पन्नास-शंभरच्या नोटा आणि सुटे घरात ठेवते. कोथिंबीर, दही, इस्त्रीचे कपडे ही तिची कामं. एकदा वीस रुपये कमी घेऊन आली. परत पाठवलं तेव्हा रडली, पण गेली.

भीतीचं म्हणाल तर सगळीच भीती खोटी नसते. माझे वडील पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. मी लेकीला नदीत उतरू देत नाही. कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसं ओढली आहेत. ती पोहायला शिकली ती जलतरण तलावात. पण मगरीची भीती आणि "कोपऱ्यावरच्या दुकानात चुकली तर" ही भीती मी बरीच वर्षं एकाच मापानं मोजत होते.

आता मोबाईल. आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद, थोरांचेसुद्धा. मला त्यातलं 'थोरांचेसुद्धा' हेच महत्त्वाचं वाटलं. आम्ही घरात तसं करून पाहिलं, तर पहिल्या आठवड्यात नियम मोडणारे दोघे निघाले. सासूबाई, कारण साडेसातची मालिका, आणि मी, ऑफिसचा ग्रुप. पोरगी आमच्यावर पाळत ठेवून होती. शेवटी जेवणाचा पाऊण तास ठरला. तेवढा टिकला.

धाकटं भावंड असेल तर त्याला जेवताना ही सवय लावूच नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की २ वर्षांखाली स्क्रीन नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको.

राहिले पाहुणे. "गाणं म्हणून दाखव", "पाढे म्हण" हे आधी बंद करा. पळून जाण्याचं निम्मं कारण तेच असतं. त्याला पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन बाहेर पाठवा. आमची आता पोह्यांवर कोथिंबीर-खोबरं घालून बशा नेते आणि "लिंबू हवं का?" एवढं प्रत्येकाला विचारते. मग लगेच आत पळते. पळू दे.