प्रश्न तुमचे: सासूबाईंना अलेक्सा कळेल का, आणि जुन्या टीव्हीला स्टिक लावावी का?

या वेळी स्मार्ट स्पीकर (बोलून चालवायचा, नेटला जोडलेला स्पीकर) आणि टीव्हीच्या स्टिकवर (टीव्हीच्या मागे लावली की नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी छोटी कांडी) एवढे प्रश्न आलेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. बहुतेकांनी विचारलंय की कोणती कंपनी चांगली. मला त्याआधी हे कळायला हवं की घरात ते रोज वापरणार कोण, कारण उत्तर त्यावरच ठरतं.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी एका डोळ्याने फारच कमी दिसतं. दिवसा घरी एकट्या असतात. मराठीच बोलतात. मिस्टर म्हणतात स्मार्ट स्पीकर घेऊ, मला वाटतं चार दिवस कौतुक होईल आणि मग पडून राहील. काय करू? (एक वाचक, मिरज)

ताई, घ्या, पण आधी दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. पहिली भाषेची. ॲमेझॉनचा इको स्पीकर भारतात आला २०१७ च्या ऑक्टोबरात, त्यातून बोलणारी अलेक्सा हिंदी बोलायला लागली २०१९ च्या सप्टेंबरात, आणि मराठी अजून तिची बोलायची भाषा नाहीये. गूगलच्या स्पीकरचंही तेच, इंग्रजी आणि हिंदी. आपल्याकडच्या किती आज्या घरात एकट्या असतात आणि त्यांना या यंत्राशी आपल्या भाषेत बोलता येत नाही, हे मला मनापासून खटकतं. पण मिरजेत सासूबाईंना हिंदी कानावरून गेलेलं असणारच, तर तुमच्या फोनमधल्या अलेक्सा ॲपमध्ये भाषा हिंदी ठेवा आणि त्यांना फक्त तीन वाक्यं शिकवा: "अलेक्सा, अभंग बजाओ", "अलेक्सा, आवाज बढाओ", "अलेक्सा, बंद करो". जास्त शिकवायला जाऊ नका, गोंधळ होतो आणि मग माणूस बोलायलाच बिचकतो.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची, की त्यांनी काहीच बोललं नाही तरी स्पीकर कामाचा असतो. ॲपमध्ये रूटीन म्हणून सोय आहे, तिथे तुम्ही वेळ लावून ठेवायची. सकाळी साडेसहाला भूपाळ्या आपोआप लागतील, नऊला आणि रात्री आठला गोळीची आठवण येईल, संध्याकाळी दिवेलागणीला हरिपाठ. हे सगळं तुमच्या फोनवरून, ऑफिसात बसूनही बदलता येतं. ज्यांना घड्याळ दिसत नाही त्यांना नुसतं "टाइम क्या हुआ" विचारलं की वेळ कळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते डोळे शाबूत असलेल्याला पटकन लक्षात येत नाही. आकाशवाणी ऐकायची सवय असेल तर फोनमध्ये प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप टाका आणि फोन ब्लूटूथने स्पीकरला जोडा, आवाज मोठा आणि स्वच्छ येतो.

गोळीच्या आठवणीबद्दल मात्र सावध. स्पीकर सांगतो, पण गोळी घेतली का ते तो बघत नाही. त्यामुळे वारांच्या खणांची डबी हवीच, आणि रात्री घरी आल्यावर खण रिकामा झालाय का ते तुम्ही बघायचं. तसंच त्या पडल्या बिडल्या तर स्पीकर मदत बोलावेल या भरवशावर राहू नका. ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावायचं काम तो करेल असं धरून चालू नका, बटणाचा साधा फोन गळ्यात किंवा उशाशी असूच दे, त्यात पहिल्या बटणावर तुमचा नंबर. अलेक्सावरून तुमच्या फोनमधल्या अलेक्सा ॲपवर कॉल येऊ शकतो, ते जरूर लावून ठेवा. ड्रॉप इन नावाची अजून एक सोय आहे, त्यात समोरच्याने कॉल उचलायची गरज नसते, थेट आवाज सुरू होतो. ती सासूबाईंना विचारल्याशिवाय चालू करू नका. त्यांच्या खोलीत कधीही कुणाचाही आवाज यावा हे बरोबर नाही, वय झालं म्हणून खासगीपण संपत नाही.

आणि लाइट! साध्या स्पीकरमध्ये बॅटरी नसते, आणि लाइट गेली की राउटरही बंद, मग स्पीकर नुसता ठोकळा. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी) मिळतो तो घ्या आणि स्पीकर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

त्यांना मराठीतच प्रश्न विचारायचे असतील, गप्पा मारायच्या असतील, तर स्पीकर नको, फोनच बरा. गूगलचं जेमिनी हे प्रश्नांना उत्तरं देणारं एआय ॲप २०२४ च्या जूनमध्ये भारतात आलं ते मराठीसकट आलं.

प्रश्न : आमचा ३२ इंची टीव्ही साधा आहे, स्मार्ट नाही, पण चित्र अजून एकदम छान. मुलगा म्हणतो नवीन स्मार्ट टीव्ही घ्या. मी म्हणतो स्टिक लावू. कोण बरोबर? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, तुम्ही बरोबर. पॅनल चांगलं असेल तर टीव्ही टाकून देण्यात काही अर्थ नाही, स्मार्ट टीव्हीतला पडदा दहा वर्षं टिकतो पण आतलं सॉफ्टवेअर त्याआधीच रखडायला लागतं आणि मग ॲप अपडेट होत नाहीत. स्टिक जुनी झाली तर तेवढीच बदलता येते. फक्त टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट, म्हणजे स्टिक खोचायची चपटी खाच, आहे ना ते बघा. नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि चित्र तितकं चांगलं येत नाही, तिथे मात्र मुलाचं ऐका.

लावताना दोन चुका सर्रास होतात. स्टिकला करंट टीव्हीच्या यूएसबीतून देतात, तो बऱ्याचदा पुरत नाही आणि स्टिक मध्येच बंद होऊन परत सुरू होते, तर सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावा. दुसरं, टीव्ही भिंतीला चिकटवलेला असतो आणि स्टिक मागे दाबून बसवतात, तिथे ती तापते आणि वायफायही नीट पोचत नाही. खोक्यात वीतभर लांबीची एक छोटी वायर येते, लोक ती तशीच ठेवून देतात, ती लावा म्हणजे स्टिक थोडी बाहेर मोकळ्यावर येते. चित्र अडकायची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

नेटचं म्हणाल तर नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस (नेटचा वेग) लागतं आणि त्याहून बारीक फोर-केला १५. तुमच्या ३२ इंचीला फोर-के लागतच नाही, तेव्हा साधी स्टिक पुरे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र चालवू नका, एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, दिवसाचा पॅक एका सिनेमात खलास.

आता खरा मुद्दा. घरात वहिनींची आठची मालिका केबलवर लागते ना? मग केबलचं कनेक्शन लगेच काढू नका. केबलचा नंबर बोटाला पाठ असतो, स्टिकमध्ये आधी ॲप उघडा, मग प्रोफाइल, मग मालिका शोधा. झी मराठी झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर, म्हणजे तीन मालिकांना तीन वर्गण्या. शिवाय पैसे भरले म्हणजे जाहिराती नाहीत असंही राहिलेलं नाही, प्राइम व्हिडिओनेही जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. वर्षाचा हिशोब कागदावर मांडून बघा आणि मग ठरवा. मोफत बघायचं तर यूट्यूब आहेच, आणि प्रसार भारतीचं वेव्हज् ॲप आहे, ते २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं.

अजून एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय चालू करा. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस या नावाने असतं, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग स्टिकच्या रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही स्वतःच त्या पोर्टवर येतो, सोर्स सोर्स करत बसावं लागत नाही. घरातल्या मोठ्यांना स्टिक नकोशी होते ती बहुतेक वेळा या सोर्सच्या भानगडीमुळेच.

प्रश्न : एका दुकानात अँड्रॉइड बॉक्स मिळतोय, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण दुकानदार म्हणतो सगळे चॅनल आणि सगळे सिनेमे आयुष्यभर फुकट. घ्यावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

नका घेऊ. अजिबात नका घेऊ. एक तर ते चोरीचं प्रक्षेपण असतं, कधीही बंद पडतं आणि मग दुकानदार हात वर करतो. पण त्याहून वाईट म्हणजे अशा बिननावाच्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस घातलेला असतो. अमेरिकेच्या एफबीआयने २०२५ च्या जूनमध्ये बॅडबॉक्स २.० नावाच्या प्रकाराबद्दल जाहीर इशाराच दिला होता, स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, फोटो फ्रेम अशी यंत्रं घरच्या वायफायला जोडली की गुन्हेगारांना तुमच्या नेटवरून आपले धंदे करता येतात आणि वरवर बघता पत्ता तुमच्या घराचा दिसतो. त्याच वायफायवर तुमचा बँकेचा फोन असतो. कुठलाही बॉक्स घेताना तो गूगलने प्रमाणित केलेला आहे का बघा, आणि सुरू करताना गूगल प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप पकडणारी गूगलची सोय) बंद करायला सांगत असेल तर तिथल्या तिथे परत करा.

प्रश्न : अलेक्सा सतत आपलं बोलणं ऐकते का? नवऱ्याला काही वाटत नाही, मला फार अस्वस्थ वाटतं. (एक वाचक, ठाणे)

तुमचं अस्वस्थ होणं योग्यच आहे. माइक कायम चालू असतो, पण यंत्र स्वतःच्या आत फक्त "अलेक्सा" हा शब्द येतोय का ते बघत असतं, तो आला की पुढचं बोलणं रेकॉर्ड होऊन कंपनीच्या सर्व्हरवर जातं. आता टीव्हीतल्या कुणी तसलाच शब्द उच्चारला तरी ते जागं होतं, आणि तेवढा तुकडा जातो. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांची रेकॉर्डिंग साठवून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने २.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, तेव्हा ही भीती हवेतली नाही. ॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसली जातील असं करा. स्पीकरवर माइकचं बटण असतं, ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद. बेडरूममध्ये ठेवूच नका, आणि पाहुणे आले, पैशाचं बोलणं निघालं, तर सरळ प्लग काढा. तुम्हाला नको वाटत असेल तर नवऱ्याने ते ऐकायला हवं, घर दोघांचं आहे.

प्रश्न : स्वयंपाकघरात स्पीकरचा खरंच उपयोग होतो का? (एक वाचक, पुणे)

हो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तिथेच होतो. हात कणकेत असताना "अलेक्सा, भात का टाइमर पंद्रह मिनट" एवढं म्हटलं की झालं, दुसऱ्या शेगडीवरच्या रश्श्याचा वेगळा टाइमर त्याच वेळी नावानिशी लावता येतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावू नका, त्या तुम्हीच मोजा. फक्त शेगडीच्या वाफेपासून आणि सिंकपासून लांब, मिक्सरच्या शेजारी तर नकोच, त्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही.

प्रश्न : स्मार्ट प्लग लावून गिझर आवाजावर चालू करता येईल का? (एक वाचक, नागपूर)

येईल (स्मार्ट प्लग म्हणजे फोनवरून किंवा आवाजाने चालू-बंद होणारा प्लग), पण प्लग १६ अँपिअरचाच हवा. २,००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ६ अँपिअरच्या प्लगवर लावला तर तो वितळेल. बंद व्हायची वेळही त्याच ॲपमध्ये लावा.

प्रश्न : मुलीने अमेरिकेतून स्टिक पाठवलीय, इथे चालेल का? (एक आजोबा, सातारा)

चालते बहुतेक वेळा. ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलंय का ते आधी वाचा, नुसतं १२० असेल तर आपल्या प्लगमध्ये अजिबात घालू नका, इथला घ्या. नंतर अकाउंट भारतातलं टाका, मुलीचं नको, नाहीतर आपली मराठी ॲप दिसणारच नाहीत आणि तुम्ही चुकून काही विकत घेतलंत तर पैसे तिच्या कार्डातून जातील. नातवंडं येणार असतील तर प्रोफाइलला पिन लावा, २०२१ च्या नियमांप्रमाणे यू/ए १३+ (वयाचा शिक्का) आणि त्यावरच्या सगळ्या कार्यक्रमांना तशी लॉकची सोय देणं ओटीटीवाल्यांना, म्हणजे नेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या ॲपवाल्यांना, बंधनकारक आहे.