झाकण उघडण्याआधी : सुरक्षिततेविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यापूर्वीचे दिवस म्हणजे मुंबईतील गृहनिर्माण संस्थांमध्ये टाक्या साफ करण्याचे, गच्चीची गळती काढण्याचे आणि वर्षभर रेंगाळलेली दुरुस्ती उरकण्याचे दिवस असतात. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांपैकी ज्या पत्राचा विषय सर्वाधिक तातडीचा वाटला, त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेची जमिनीखालील पिण्याच्या पाण्याची टाकी वर्षातून दोनदा साफ केली जाते. नेहमीचा कंत्राटदार तीन माणसे पाठवतो, ती शिडीने आत उतरतात आणि दोन-अडीच तासांत काम आटोपते. या वर्षी समितीतील एका सदस्याने गॅस तपासणी, ब्लोअर आणि बचावाचे साहित्य यांचा आग्रह धरला आहे आणि त्यामुळे खर्च जवळपास दुप्पट होतो. सेप्टिक टाकीसाठी अशी खबरदारी समजू शकते, परंतु पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तिची काय आवश्यकता आहे?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड

उत्तर : आपल्या सदस्याचा आग्रह रास्त आहे. टाकीत पाणी कोणते होते, यावरून ती रिकामी केल्यानंतर आत हवा कशी आहे हे ठरत नाही. मोकळ्या हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा असुरक्षित मानली जाते, १६ टक्क्यांच्या आसपास माणसाची निर्णयशक्ती ढळू लागते आणि १० टक्क्यांखाली शुद्ध हरपते. यातील सर्वांत घातक बाब ही की माणसाला गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही, कारण श्वास कोंडल्याची भावना मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने निर्माण होते, प्राणवायू घटल्याने नव्हे. शिडीवरून उतरणारा मजूर धडधाकट असतो, खाली पाय टेकतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. वरून पाहणाऱ्याला तो घसरला असेच वाटते.

बंद टाकीतला प्राणवायू कमी होण्यासाठी फार काही घडावे लागत नाही. लोखंडी शिडी आणि पाइप गंजताना तो वापरला जातो, तळाचा गाळ व शेवाळ कुजतानाही वापरला जातो आणि नव्या बांधकामाच्या टाकीत ओल्या राहिलेल्या शटरिंगच्या फळ्या तेच करतात. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले मजूर गुदमरून दगावले, ती टाकीही पाण्याचीच होती. याखेरीज काही वायू आपणच आत सोडतो. पाणी उपसण्यासाठी तोंडाजवळ ठेवलेला पेट्रोलचा पंप कार्बन मोनॉक्साइड ओकतो, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही. भिंतीवरचे डाग जावेत म्हणून ॲसिड ओतून त्याच जागी ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो. वॉटरप्रूफिंगच्या काही रसायनांच्या वाफा गुंगी आणतात आणि ठिणगी मिळाल्यास पेटही घेतात. सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास सर्वांना ठाऊक आहे, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. तेव्हा 'वास येत नाही, उतरायला हरकत नाही' हा मुकादमाचा निर्वाळा कोणत्याही टाकीबाबत ग्राह्य धरू नये.

अशा दुर्घटनांची बातमी आपण नीट वाचली, तर एक गोष्ट वारंवार दिसते. पहिला माणूस कोसळला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि कधी कधी त्यात संस्थेचा वॉचमनही असतो. म्हणून माझ्या मते प्रशिक्षणाची खरी गरज झाकणाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला असते. आत काहीही घडले तरी आपण उतरायचे नाही, बांधलेल्या दोरीने आतल्या माणसाला वर खेचायचे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवायचे, कारण त्यांच्याकडे श्वसनयंत्रे असतात, हे त्याला नुसते सांगून भागत नाही. एखाद्या गोणीला पट्टा बांधून ती वर खेचण्याचा सराव त्याच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावा लागतो. समोर भाऊ किंवा गाववाला पडलेला असताना पाय रोखून धरणे हे सरावाशिवाय कोणालाही जमत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कंत्राटदाराला पहिला प्रश्न असा विचारावा की माणूस आत न उतरवता हे काम होईल का. लांब नळीचा जेट आणि गाळ ओढणारा पंप वापरून बऱ्याच टाक्या बाहेरूनच पुरेशा स्वच्छ होतात. उतरणे अटळच असेल, तर टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह आणि पंपाचे बटण बंद करून त्यांना कुलूप लावावे आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात ठेवावी. टाकीची सर्व झाकणे उघडून ब्लोअरची नळी थेट तळापर्यंत सोडावी, किमान अर्धा तास ताजी हवा खेळवावी आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवावा. हवेऐवजी सिलिंडरमधला प्राणवायू आत सोडण्याची चतुराई कोणी सुचवली तर ती ठामपणे नाकारावी, कारण त्याने आगीचा धोका भलताच वाढतो. त्यानंतर गॅस मीटरची नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणी प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजावेत आणि आकडे कागदावर लिहावेत. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा उतरताना तेच मोजमाप पुन्हा करावे. उतरणाऱ्याच्या अंगावर खांद्यापासून मांड्यांपर्यंत येणारा पूर्ण पट्टा असावा आणि त्याची दोरी टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईच्या चरखीला जोडलेली असावी. कमरेला दोर बांधून बेशुद्ध माणूस अरुंद तोंडातून सरळ वर येत नाही. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा नसावा. ही मर्यादा १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घातली होती आणि ओल्या टाकीत ती आजही तितकीच शहाणपणाची आहे.

गावाकडे विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत होती, तीच येथे मेणबत्तीने पाळणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत. ज्योत तेवत राहिली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही असे सिद्ध होत नाही आणि ज्वलनशील वायू असला तर तीच ज्योत स्फोटाचे कारण ठरते. नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा मास्क प्राणवायू निर्माण करीत नाही, हेही सांगणे दुर्दैवाने आवश्यक आहे.

आपण खर्चाचा मुद्दा मांडला आहे, म्हणून कायद्याचेही सांगतो. सेप्टिक टाकी किंवा मलनिस्सारण वाहिनीत पुरेशा संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने गुन्हा ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्याचे स्वरूप आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पिण्याच्या पाण्याची टाकी या विशेष कायद्याच्या कक्षेत येत नसली, तरी निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि चौकशी केवळ कंत्राटदारापाशी थांबेलच असे नाही. दरपत्रक मागवतानाच वरील साहित्य आणि प्रशिक्षित माणसे यांची अट घाला, म्हणजे सर्व कंत्राटदारांचे दर एकाच पातळीवर तोलले जातील. आज जो स्वस्त दिसतो, तो या वस्तू वगळूनच स्वस्त झालेला असतो.

प्रश्न : आमच्या १४ मजली इमारतीत अग्निशमन यंत्रणा बसवलेली असून संस्था दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घेते. तरीही आगीची रंगीत तालीम घ्यावी, असा प्रस्ताव आला असता बहुसंख्य सदस्यांनी ज्येष्ठांना त्रास होईल म्हणून विरोध केला. आपले मत काय?
— एक समिती सदस्य, लोअर परळ

उत्तर : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे आणि परवानाधारक संस्थेकडून 'फॉर्म बी' हे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये घ्यावयाचे असते. ते आपण घेता, हे चांगलेच आहे. परंतु त्या प्रमाणपत्रावरून पंप चालतो एवढेच कळते. आठव्या मजल्यावरच्या आजींना अंधारात जिन्याचा दरवाजा सापडेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. आपल्याच परिसरात २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलमधील आगीत १४ जणांचा जीव गेला आणि त्यांतील अनेकांचे मृतदेह स्वच्छतागृहाच्या भागात सापडले. बाहेर पडण्याचा मार्ग माहीत नसलेला माणूस धुरापासून दूर जाण्याच्या धडपडीत बंद जागेकडे धावतो.

ज्येष्ठांना चौदा मजले उतरवण्याचा अट्टहास तालमीत करू नये. कोणत्या सदनिकेत चालता न येणारी व्यक्ती आहे, तिच्यासाठी कोणते दोन शेजारी जातील आणि आश्रयमजला, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेला मजला, कोणता, एवढे ठरवून त्याचा सराव झाला तरी पुष्कळ आहे. त्याच दिवशी जिन्यावरील चपलांची कपाटे, सायकली आणि जुन्या गाद्या हलवाव्यात. माझा अनुभव असा की तालमीपेक्षा जास्त विरोध याच मागणीला होतो.

प्रश्न : माझ्या कारखान्यात पत्रा कापण्याचे व दाबून आकार देण्याचे सहा पॉवर प्रेस आहेत. प्रत्येक नव्या कामगाराला सुरक्षेची माहिती देऊन नोंदवहीत त्याची सही घेतली जाते, तरीही बोटांना इजा होण्याचे प्रकार थांबत नाहीत. प्रशिक्षण आणखी कसे सुधारावे?
— एक लघुउद्योजक, साकीनाका

उत्तर : आपल्या पत्रात प्रेसला संरक्षक जाळी आहे की नाही, याचा उल्लेखच नाही आणि मला तोच प्रश्न आधी विचारावासा वाटतो. पायाने पेडल दाबून चालणाऱ्या प्रेसमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात आणि दिवसभरात हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष एकदा तरी चुकणारच. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडू नये, अशी रचना केली की बोट डायखाली, म्हणजे साच्याखाली, राहूच शकत नाही. अशी व्यवस्था किंवा पक्की जाळी बसवण्यापूर्वी दिलेले प्रशिक्षण म्हणजे सगळा भार कामगाराच्या सावधपणावर टाकणे होय. नगावर मजुरी ठरत असेल, तर जाळी काढून ठेवण्याचा मोह त्यालाही होतो आणि, स्पष्ट लिहितो, त्याकडे काणाडोळा करण्याचा मोह मालकालाही होतो.

डाय बदलताना किंवा अडकलेला तुकडा काढताना होणाऱ्या इजा वेगळ्या. तेथे यंत्र बंद करून वीजपुरवठ्याला कुलूप लावणे आणि वरचा भाग घसरू नये म्हणून मध्ये ठोकळा ठेवणे हाच उपाय आहे आणि तो शिकवताना बोलण्यापेक्षा कामगाराकडून करून घ्यावा. आपले बरेच कामगार हिंदी किंवा भोजपुरी बोलत असतील, तर मराठी वा इंग्रजी कागदावरील सहीवरून त्यांना काय उमगले ते कळणार नाही. 'दाखव बरे' असे म्हटले की लगेच कळते. ज्या दिवशी बोट थोडक्यात वाचले, त्या दिवसाची नोंद ठेवा आणि ती सांगणाऱ्यावर ओरडू नका. सहा यंत्रांपैकी कोणते यंत्र घात करणार आहे, ते बहुधा अशा नोंदींवरूनच आधी लक्षात येते.

बाहेरून मदत हवी असल्यास शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आपल्याला जवळ आहे. औद्योगिक सुरक्षिततेचे प्रशिक्षण हे तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. ही परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळतात. त्या दिवशीच्या घोषवाक्यांच्या स्पर्धेला माझा विरोध नाही, फक्त तिच्या बक्षिसाआधी जाळीचे पैसे बाजूला काढावेत.

प्रश्न : छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याची पद्धत चित्रफीत पाहून शिकता येते का? चुकीचे झाले तर आपल्यावरच ठपका येईल, अशी भीती वाटते.
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : चित्रफितीतून क्रम कळतो, परंतु जोर कळत नाही. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत द्यावयाचा असतो आणि पुतळ्यावर करून पाहिल्याशिवाय त्याला किती ताकद लागते याची कल्पना येत नाही. हे कौशल्य काही महिन्यांतच विरते, म्हणून शाळेत वर्षातून किमान एकदा उजळणी ठेवावी. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सतर्फे प्रथमोपचाराचे वर्ग होतात, तेथे चौकशी करावी. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वासही घेत नसेल, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून दाब सुरू करावा. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल, तर केवळ छातीवरचा दाबही देत राहावा.

ठपक्याविषयी : रस्ते अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १३४-अ अन्वये, संरक्षण दिलेले आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. शाळेतील सर्व शिक्षकांसाठी वर्ग ठेवणार असाल, तर त्यात शिपाई आणि बसचालक यांनाही घ्यावे, कारण सुट्टीच्या वेळी मुलांच्या सर्वांत जवळ तेच असतात.