सगळीकडे इतकी निगेटिव्हिटी असताना प्राण्यांसाठी व्हॉलंटियरिंग करून खरंच आनंद मिळतो का?

मिळतो. पण तुमच्या डोळ्यासमोर जे चित्र दिसतंय, पिल्लू मांडीवर, कोवळं ऊन, मन एकदम शांत, तसा नाही मिळत, निदान मला तरी चार वर्षांत नाही मिळालेला. तुम्ही लिहिलंय की बातम्या बघवत नाहीत, ऑफिसात राजकारण, घरच्या ग्रुपवर पण भांडणं, आणि कुणीतरी सुचवलं की शेल्टरला जात जा, बरं वाटेल. मी दर रविवारी जाते म्हणून लिहितेय, लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

मी नाशिकला असते, काम विम्याच्या क्लेम डिपार्टमेंटला. म्हणजे दिवसभरात जे फोन येतात त्यात एकही माणूस खुशीत नसतो, कुणाची गाडी ठोकलेली, कुणाचे वडील आयसीयूत, आणि मी काय सांगणार तर तुमची कागदपत्रं अपुरी आहेत. संध्याकाळी घरी आलं की टीव्हीवर आठ चौकटींत आठ जण ओरडतायत. शेल्टरला मी काही प्राणीप्रेमाने वगैरे गेले नाही हं, मुलाला शाळेतून दहा तास समाजसेवा करून सर्टिफिकेट आणायचं होतं, त्याला सोडायला गेले. त्याचे दहा तास संपले, तो सुटला, मी अडकले ती अडकलेच.

पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी कुत्र्यांची ओळख करून देईल, ही अमुक, हा तमुक. तिथल्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, म्हणाल्या "ताई, पुढच्या वेळी जुना गाऊन घालून या" आणि हातात खराटा दिला. शेल्टर छोटंच आहे, शहराबाहेर, साठेक कुत्री, सात-आठ मांजरी, आणि अपघातात एक पाय गेलेलं एक गाढव जे माझ्याशी अजूनही बोलत नाही. काम काय तर पिंजरे धुवायचे, वाडगे घासायचे, मोठ्या पातेल्यात कणी शिजत असते तिच्यात कोंबडीच्या मुंड्या-पाय आणि हळद, मीठ अजिबात नाही, ते ढवळायचं, वाढायचं, मग कानातले गोचीड काढत बसायचं. लूत लागलेल्यांना वेगळं आंघोळ घालायचं. पिल्लांच्या खोलीत फिनाईल मारून उपयोग नसतो, पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, व्हायरस त्याने मरत नाही, तिथे ब्लीचचं पाणी लागतं, हे मला पहिल्याच महिन्यात ओरडा खाऊन कळलं.

आता यात आनंद कुठे आला असं तुम्ही म्हणाल. मी पण सुरुवातीला शोधत होते. मला वाटतं तो वाडग्यांत आहे. साठ वाडगे घासले की साठ वाडगे घासून होतात हो. माझ्या ऑफिसात काहीच कधी संपत नाही, एक फाइल बंद केली की तीच फाइल नवीन नंबर घेऊन परत येते.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये द्वारका सर्कलजवळच्या एका चहाच्या टपरीवरून फोन आला की कुत्रं मान वाकडी करून फिरतंय आणि वास येतोय. आणलं तेव्हा कानामागे भोक होतं, पन्नास पैशाएवढं बाहेरून, आत माझा अंगठा गेला असता. पावसाळ्यात हे फार होतं, साधा ओरखडा असतो, त्यावर माशी अंडी घालते, एका दिवसात अळ्या बाहेर येतात आणि मांस खात खात आत जातात. डॉक्टरांनी गॉजपट्टीने मुसकी बांधली, केस कापले, औषध मारलं आणि मला म्हणाले डोकं धरा आणि टॉर्च मारा. मी बघते तर जखमेत तांदळाचे दाणे हलावेत तसं काहीतरी हलतंय, प्रत्येकाच्या टोकावर दोन काळे ठिपके. मला वाटलं डोळे. डॉक्टर म्हणाले अहो ती शेपटीची बाजू, त्या ठिपक्यांतूनच त्या श्वास घेतात, तोंडं आत आहेत, जेवतायत. मग चिमट्याने एकेक ओढून स्टीलच्या वाटीत टाकायची, मी मोजत होते, कशासाठी माहीत नाही, एकशे बारापर्यंत मोजल्या मग सोडून दिलं. तो वास नाकात बसला की दोन दिवस जेवण जात नाही. तास-सव्वा तास गेला असेल. हात धुऊन फोन बघितला तर जाऊबाईंचे सहा मिस्ड कॉल, गावाकडच्या वाटणीचा विषय होता, महिनाभर त्यावरून रात्री झोप नव्हती आणि मला त्या तासात जमीन, सातबारा, दीर, काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याने मुसकी सोडल्या सोडल्या काय केलं असेल, तर माझ्या चपलेवर मुतला. उपकार वगैरे प्रकार त्यांच्यात नाही. मला ते फार आवडलं खरं सांगू का, ऑफिसात दिवसभर लोक मॅडम मॅडम करतात आणि क्लेम नाकारला की आई-बाप काढतात.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर तुम्ही जाल आणि म्हणाल फसवलं. त्याच वर्षी कुणीतरी गेटसमोर खोक्यात पाच पिल्लं ठेवून गेलं, पार्वो निघाला, तीन गेली. रात्री सलाईन लावून बसायचं आणि सकाळी पिल्लू गार पडलेलं, याची सवय होत नाही. मी दोन रविवार गेलेच नाही. उरलेल्या दोघांपैकी एक आता ओझरला एका घरात आहे, एवढी जाडी झालीये की गोल दिसते.

आणि निगेटिव्हिटीपासून पळून तिथे जात असाल तर आमच्या व्हॉलंटियरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघा एकदा. फीडरवाले, म्हणजे रस्त्यावर खायला घालणारे, रेस्क्यूवाल्यांवर चिडलेले, रेस्क्यूवाले अडॉप्शनवाल्यांवर. मुक्या जनावरांवर जीव लावणारी माणसं माणसांवर इतकी कशी करवादतात मला कळत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका असा आदेश दिला, मग 22 तारखेला तो बदलून नसबंदी आणि लसीकरण करून आपापल्या जागी परत सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडू नका, असं सांगितलं, तेव्हा तर आमच्या सोसायटीत दिवाळीच्या फराळापर्यंत लोक एकमेकांशी बोलत नव्हते. मी सोसायटीच्या आणि व्हॉलंटियरांच्या अशा दोन्ही ग्रुपमध्ये, दोन्हीकडून शिव्या. माझं मत विचाराल तर नसबंदी करून त्याच जागी सोडणं, जे 2001 पासून नियमातच आहे आणि 2023 मध्ये नवे नियम आले त्यातही आहे, तेच बरोबर आहे, पण ते नीट आणि सतत करावं लागतं, आणि आमच्या समोरच्या काकांच्या नातवाला कुत्रं चावलं होतं त्यांची भीती खोटी नाहीये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. हे आम्ही लोकांनी हसण्यावारी नेऊ नये.

चावण्यावरून आठवलं. मला पण चावलंय, चूक शंभर टक्के माझी, दोन कुत्री एका वाडग्यावरून भांडत होती आणि मी वाडगा उचलायला मध्ये हात घातला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून, मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या बरं केलं, इथे लोक मिरची भरून येतात. मी आधीच रेबीजची लस घेतलेली होती म्हणून दोनच डोस लागले, त्या दिवशी आणि तीन दिवसांनी. तर तुम्ही जाणारच असाल तर पहिलं हे करा, डॉक्टरांना विचारून आधी लस घेऊन टाका. आणि घरी छोटं पिल्लू असेल तर शेल्टरचे कपडे-चपला घरात नेऊ नका, पार्वो त्यांच्यावरून येतो.

कुत्र्यांची भीती वाटत असेल तर कुत्रीच पाहिजेत असं काही नाही. आमच्याकडे नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पक्षी मोजायला लोक जातात, 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, दुर्बीण घेऊन चार तास गप्प बसायचं, कुणाला हात लावायचा नाही, माझ्या मैत्रिणीला तेच मानवलं. संक्रांतीला येवल्याला पतंगांचा केवढा माहोल असतो माहितीच असेल, त्यानंतर आठवडाभर झाडांवर, तारांवर लटकलेला मांजा गोळा करायला पण माणसं लागतात, नायलॉनवर बंदी असून तो येतोच. मांज्यात अडकलेली घार किंवा घुबड सापडलं तर ओढाताण करू नका आणि घरी पण ठेवू नका, वन्यजीव आहेत ते, खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 नंबरला फोन लावा.

सुरुवातीला महिन्यातून दोनच वेळा जा. आमच्याकडे उत्साहात रोज येणारी मंडळी सहा आठवड्यांत गायब होतात, मावशी त्यांची नावंच लक्षात ठेवत नाहीत. माझं नाव त्यांनी पाचव्या महिन्यात विचारलं.

तो अळ्यांवाला बरा झाला, नसबंदी झाली, परत टपरीवर सोडला. त्याचा एक कान अळ्यांनी कुरतडलेला आणि दुसऱ्याला नसबंदीची खूण म्हणून मारलेली खाच, त्यामुळे कुठूनही ओळखू येतो. ऑफिसला जाताना सिग्नल लागला की मला दिसतो, उठत बिठत नाही, बसल्या जागेवरून एकदा बघतो फक्त. टपरीवाला मात्र रोज ओरडून रिपोर्ट देतो. काल म्हणाला, "मॅडम, तुमचा पेशंट आता ग्लुकोज बिस्किट खात नाही, क्रीमवालं मागतो."