पटकथाकार तुरुंगात का गेला?

प्रश्न : जॉन हॉवर्ड लॉसन हा हॉलिवूडचा लेखक युनियनमुळे जेलमध्ये गेला असं ऐकलंय, खरंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अर्धं खरंय. लॉसनचा जन्म 1894 चा, न्यूयॉर्कचा, आधी नाटकं लिहायचे मग सिनेमात आले. 1933 मध्ये मंदीचं कारण देऊन स्टुडिओंनी पगार थेट 50 टक्के कापले, आणि पडद्यावर नाव कुणाचं टाकायचं तेही निर्मातेच ठरवायचे, म्हणजे घाम एकाचा नि नाव दुसऱ्याचं! त्यातून स्क्रीन रायटर्स गिल्ड ही पटकथाकारांची युनियन उभी राहिली, लॉसन तिचे पहिले अध्यक्ष. 1938 मध्ये स्टुडिओंशी आपल्या वतीनं बोलणी करायला लेखकांनी मतदानात गिल्डलाच निवडलं, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

मग ऑक्टोबर 1947, वॉशिंग्टनमध्ये हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधणारी अमेरिकी संसदेची चौकशी समिती. लॉसनना आधी विचारलं काय, तर तुम्ही गिल्डचे मेंबर आहात का, कम्युनिस्ट पार्टीचा प्रश्न त्यानंतर (पार्टीत ते होतेच). त्यांचं लेखी निवेदन वाचूच दिलं नाही, समितीचे अध्यक्ष हातोडा आपटतायत, लॉसन बोलतायत, शेवटी पोलिसांनी बाजूला नेलं. म्हणजे जेल थेट युनियनमुळे नाही, तर समितीला उत्तर न देणं हा संसदेचा अवमान ठरला, 1950 मध्ये वर्षभराची कैद. गंमत नाही, संतापच येतो, कारण 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' (1951) या सिनेमाची पटकथा लिहिली तेव्हा, हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यानं, पडद्यावर त्यांचं नावच नव्हतं.