अडतीस हजार भरण्याआधी

प्रश्न : मी ३१ वर्षांची, राहणार मानेवाडा, नागपूर. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. लग्नानंतर दोन वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होते, बाळंतपणात ते सुटलं. मुलगा आता वीस महिन्यांचा आहे. तो झोपला की मी मोबाइलवर लिहिते. दवाखाना, सव्वा महिना, दूध न येणं, सासूबाई, सगळं. असे ३४ लेख झालेत. घरात फक्त यांना आणि नणंदेला माहीत आहे. एका प्रकाशनाने १२० पानांचं पुस्तक काढून द्यायचे ३८,००० रुपये सांगितलेत आणि आठ दिवसांत करारावर सही मागितली आहे. कॉलेजमधूनही जूनपासून याल का म्हणून फोन आला. हे म्हणतात, लिहिणं छंद म्हणून ठीक. नणंद म्हणते, घरातलं चव्हाट्यावर कशाला? मला मात्र आईपणावरच्या लेखनातच करिअर करायचं आहे. जमेल का? तीन लेख आणि करार सोबत पाठवते आहे.
– एक आई, मानेवाडा

उत्तर :

ताई, आठ दिवसांतले तीन तर तुमचं पत्र माझ्याकडे पडून राहण्यातच गेले, म्हणून आधी कराराचं बोलते. सही करू नका.

हिशेब मांडून बघा. ३८,००० रुपयांत ३०० प्रती, म्हणजे एक प्रत १२७ रुपयांना. हे वाचून वाटतं, ठीक आहे. पण चौथ्या कलमात म्हटलंय की लेखिकेला १०० प्रती मिळतील आणि बाकीच्या ‘वितरणासाठी’ प्रकाशकाकडे राहतील. त्या विकल्या तर तुम्हाला काय मिळणार, याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे हातात येणारी प्रत तुम्हाला ३८० रुपयांना पडली, आणि तिच्यावर किंमत छापणार १८०. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे ३,००० लावलेत. हा क्रमांक आपल्याकडे केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय आयएसबीएन संस्था देते, आणि तो फुकट मिळतो.

सगळ्यात वाईट ओळ शेवटची : ‘पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाधीन.’ पैसे तुमचे, बाळंतपण तुमचं आणि हक्क त्यांचे! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही मोबाइलवर वाक्य लिहिलं की त्याच क्षणी त्याचा हक्क तुमचा होतो. त्यासाठी नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत राहतो आणि नंतर साठ वर्षं. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि कोणता हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरता, किती मोबदल्यात हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे दोन्ही शब्द आहेत. करार लिहिणाऱ्याला कायदा चांगला माहीत आहे एवढंच मी म्हणेन.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलेले नाही. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी दहावीनंतरच्या वाटांवर एक पुस्तिका मी अशीच पैसे भरून काढली. पाचशे प्रती. आमच्या बैठकीतल्या दिवाणात अजून दोनशेवर आहेत. पाहुणा झोपायला आला की त्याला बिचाऱ्याला माहीत नसतं, तो कशावर झोपून राहिला.

आता करिअर. स्वतःच्या आईपणाच्या गोष्टी लिहून मराठीत घर चालत नाही. चांगल्या प्रकाशकाने पैसे न घेता पुस्तक काढलं, ५०० ची आवृत्ती, २०० रुपये किंमत, दहा टक्के मानधन आणि एकूण एक प्रत खपली असं धरलं, तरी हातात येतात १०,००० रुपये, तेही वर्षा-दोन वर्षांनी. दिवाळी अंक काही मानधन देतात, पुष्कळ नुसता अंक पाठवतात. तुमचे यजमान ‘छंद’ म्हणाले ते तुम्हाला लागलं, दिसतंच आहे. पैशाच्या बाबतीत त्यांचं चूक नाही. छंद या शब्दाच्या बाबतीत आहे. छंदासाठी कोणी रात्री दीड वाजता दुसऱ्यांदा खाडाखोड करत बसत नाही.

जूनचे तास घ्या. तासिका तत्त्वाचे पैसे किती आणि केव्हा येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी घ्या. आठवड्यातले तीन-चार दिवस घराबाहेर पडाल, आणि ३८,००० साठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. कायम जागा हवी असेल तर बी.एड. लागेल, वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. ते तुम्हाला माहीत असणारच.

तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट वेगळी आहे. तुमच्या दुसऱ्या लेखात दूध न येण्याबद्दल लिहिताना तुम्ही सहज पहिल्या पिवळट चिकाबद्दल दोन परिच्छेद लिहून गेलात. त्यात काय असतं, तो का टाकून देऊ नये, बाळाच्या पोटात गेल्यावर तो काय करतो. शब्द सगळे घरातले, आणि चूक एकही नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, स्वतः त्यातून गेलेली आणि अशी मराठी लिहिणारी माणसं फार नाहीत. आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना माहितीपत्रकं लागतात, दवाखान्यांना सूचना लागतात, विज्ञानाच्या पुस्तकांना अनुवादक आणि संपादक लागतात. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने तर अभियांत्रिकीची पुस्तकंही मराठीत आणली आहेत. या कामाचे शब्दावर किंवा पानावर पैसे मिळतात. नाव बहुतेक वेळा येत नाही. पोट यावर चालवा आणि गोष्टी त्या पैशाच्या दडपणाशिवाय लिहा.

गोष्टी छापायच्या कुठे? पुस्तकाचं सध्या विसरा. ३४ पैकी चार निवडा आणि दिवाळी अंकांना पाठवा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची ही चाल सुरू केली, आणि आजही नव्या लेखिकेला अनोळखी वाचक मिळण्याची ती सगळ्यात चांगली जागा आहे. पण दिवाळीच्या तोंडावर पाठवलेला लेख कोणी उघडत नाही. जून-जुलैत जायला हवा. युनिकोडमध्ये टाइप केलेला, एका वेळी एकाच अंकाला, सोबत चार ओळींचं पत्र. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात एकदा जाऊन या, पोराला कडेवर घेऊन गेलात तरी चालेल. १९२३ सालची संस्था आहे, ‘युगवाणी’ हे तिचं नियतकालिक. ते चाळा म्हणजे आपल्या भागात कोण काय लिहितंय ते कळेल. लेख छापून येऊ लागले की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे बघा. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे. आणि पुस्तक विकलं कसं जातं हे पाहायचं असेल तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. गाठोडं डोक्यावर आणि पुस्तकांची पिशवी हातात घेऊन परतणारी माणसं बघा. प्रस्तावना कोणाची आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

आता नणंदेचा चव्हाटा. तुमच्या नणंदेचं मी निम्मं ऐकेन.

तुमच्या पहिल्या लेखात मुलाचं पाळण्यातलं नाव आहे, लाडाचं नाव आहे, तापात त्याला झटका आला तेव्हा त्याचं काय काय झालं ते सगळं आहे. तेव्हा तुम्हाला काय झालं ते मात्र अर्ध्या ओळीत. चौदा वर्षांनी तो दहावीत असेल. वर्गातलं कोणी पोट्टं त्याचं नाव मोबाइलवर टाकेल आणि हा लेख त्याच्यासमोर धरेल. त्याला आज विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी विचारते. नाव काढा, फोटो नको, आणि त्याच्या अंगाचं, आजारपणाचं जे तो मोठेपणी चारचौघांत सांगणार नाही, ते तुम्हीही सांगू नका. तुमच्या हाताला कंप सुटला, थर्मामीटर कपाटाखाली गेला, रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत, हे सगळं तुमचं आहे. ते हवं तेवढं लिहा.

दुसऱ्या लेखातल्या दवाखान्याच्या भागात तुम्ही दवाखान्याचं आणि नर्सचं दोघांचंही नाव घातलंय. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात येते, आणि ‘पण खरं आहे’ एवढं म्हणून फौजदारी खटल्यात सुटका होईलच असं नाही. ते छापणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. तक्रार करायची असेल तर ती तक्रार म्हणून, योग्य ठिकाणी, नावानिशी करा. लेखातून नावं काढली तरी काही बिघडत नाही. ‘आता ओरडते, तेव्हा नाही ओरडली’ हे नर्सचं वाक्य कोणत्या दवाखान्यातलं आहे हे वाचणाऱ्या बाईला सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या लेखात एक ओळ आहे की सहा महिने तुम्हाला बाळाबद्दल काहीच वाटत नव्हतं. ती काढू नका. फक्त मला सांगा, ते सरलं आहे ना? बाळंतपणानंतरचं रडू पंधरा दिवसांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो डॉक्टरांचा विषय असतो, लेखनाचा नाही. अजून तसं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

लपवून लिहिण्याबद्दल. बेबी कांबळे फलटणला दुकान सांभाळत लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, कित्येक वर्षं. ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथनाचं पुस्तक झालं. तेव्हा लपवून लिहिण्यात कमीपणा नाही. छापायची वेळ आली की मात्र सासूबाईंना आधी सांगा. शेजारणीकडून कळण्याइतकं वाईट काही नाही. आणि हो, ३४ लेख एकाच मोबाइलमध्ये, तो मोबाइल वीस महिन्यांच्या पोराच्या हातात! आज रात्री काही लिहायच्या आधी ते सगळे स्वतःलाच मेल करा.

आता तिसरा लेख, ‘शेक’. तीनपैकी हा खरा लेख. मे महिना, मानेवाड्याचं स्लॅबचं घर, दुपारी पंचेचाळीसच्या वर पारा, आणि बाजेखाली शेगडी. ओव्याची धुरी, कानाला घट्ट फडकं. सासूबाई म्हणतात, ‘कानात हवा शिरते बाई, बंद कर तो कुलर.’ तुम्ही घामाने भिजलेलं उशीचं अभ्रं पिळून पाहता, खरंच दोन थेंब पडतात. इथवर वाचताना मला तुमच्या सासूबाईंचा राग आला. मग रात्री तीनला जाग येते. वीज गेलेली, आणि सासूबाई अंधारात बाळाजवळ बसून ओला पदर हलवत आहेत. पदर सुकला की उठतात, कुलरच्या टाकीत बुडवून आणतात. तोच बंद कुलर. तुम्ही डोळे मिटून घेता, जागी असल्याचं कळू देत नाही.

इथे लेख संपायला हवा होता. तुम्ही पुढे अकरा ओळी लिहिल्यात. आई होणं म्हणजे दुसरा जन्म, स्त्री ही त्यागाची मूर्ती, दोन पिढ्यांमधला पूल. या अकरा ओळी कोणीही लिहील. वाळ्याच्या ताट्यांचा सुकलेला वास आणि टाकीच्या तळाचं कोमट पाणी तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. तो पदर हलतो आहे, तिथेच थांबा.

सासूबाईंना आधी हाच वाचून दाखवा. त्या चिडल्या तर चिडू द्या, पण कुठल्या ओळीला चिडल्या ते लक्षात ठेवा. मग दुरुस्त करून मला पाठवा, कुठल्या अंकाकडे द्यायचा ते मी सुचवेन.

एक मात्र राहून गेलंय. लेखाच्या सुरुवातीला कुलर बंद आहे, आणि चौथ्या पानावर सव्वा महिन्याच्या आतच त्याची घरघर ऐकल्याशिवाय बाळ झोपत नाही, असं लिहिलंय. मधे कधीतरी कोणीतरी बटण दाबलं. कोणी, ते लिहा.